पार्किंगमधल्या बॅटऱ्या: कोथरूडच्या एका सोसायटीतल्या कामाच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

सोसायटीतल्या गाड्यांच्या बॅटऱ्या मोजून निगा राखायच्या कामाचा खर्च कमिटीच्या बैठकीत मंजूर झाला. व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा एक बरा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा स्मार्ट चार्जर, जाड तारेच्या जंपर केबल आणि दहा नंबरचा पाना. सामान वॉचमनच्या केबिनमध्ये राहील, सोबत ही वही. पुतणी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोजमाप ती घेईल, लिहीन मी.

काम हाती का घेतलं ते पहिल्याच पानावर असू दे. आपल्याकडे निवृत्त मंडळी बरीच. मुलं परगावी किंवा परदेशी, गाड्या आठवडा-आठवडा जागच्या हलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात ए विंगमधल्या आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं आणि गाडीचा सेल्फ लागेना. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून निभावलं. ती बॅटरी महिनाभर आधी कुणी मोजली असती, तर ती संपत आल्याचं तेव्हाच दिसलं असतं.

उलट प्रकारही पार्किंगमध्ये पाहिला आहे. ‘तीन वर्षं झाली, आता बदलून टाका’ एवढ्या एका वाक्यावर धडधाकट बॅटरी गाडीतून निघते. पुण्याच्या हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या मधला निर्णय वय पाहून घ्यायचा नाही, भरून आणि मोजून घ्यायचा, असं मी कमिटीत मांडलं. सगळ्यांना पटलं.

२८ एप्रिल २०२४, रविवार

पहाटे सहाला सुरुवात. ही वेळ मुद्दाम धरली. गाडी नुकतीच चालून आली असेल तर बॅटरीच्या प्लेटवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटं समाधान देतो. रात्रभर उभ्या गाडीचा आकडा खरा.

पुतणीने वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलं: १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळाला, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा.

आजचे आकडे:
लाल हॅचबॅक, बॅटरीचं वय साडेचार वर्षं: १२.६४.
चंदेरी सेडान, दोन वर्षं: १२.२१.
पांढरी डिझेल, पाच वर्षांच्या आसपास: १२.४८.
सी विंगमधल्या काकूंची छोटी गाडी, तीन वर्षं: ११.९२.

नुसत्या वयावर गेलो असतो तर लाल गाडीची बॅटरी आधी काढली असती आणि सेडानकडे कुणी पाहिलंही नसतं. लाल गाडीवाले रोज हिंजवडीला जातात, येतात. एका बाजूचा तासभर प्रवास. त्यांची बॅटरी रोज पोटभर जेवते.

१२.४ ही रेघ महत्त्वाची. बॅटरी त्याच्या खाली बरेच दिवस राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग चार्ज दिला तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. तेवढी क्षमता कायमची गेली. बॅटरीला अर्धपोटी ठेवल्याने होणारं नुकसान हे असं साठत जातं.

५ मे २०२४, रविवार

दुपारी ऊन असह्य. आमचं पार्किंग दोन प्रकारचं आहे: बिल्डिंगखालचं आणि मागच्या भिंतीलगतचं उघडं. उघड्यावरच्या गाडीचं बॉनेट दुपारी दोनला हात लावू देत नव्हतं.

थंडीत बॅटरी मरते असं बहुतेकांच्या मनात असतं, कारण ती बंद पडलेली थंडीत दिसते. मारतो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चार्ज धरून ठेवण्याची शक्ती त्याने वाढत नाही. वाढते ती प्लेटच्या जाळीची झीज, पाण्याची वाफ आणि बसल्या जागी होणारी गळती. एप्रिल-मेमध्ये जे झिजलं ते डिसेंबरच्या पहाटे, इंजिनचं तेल घट्ट झालेलं असताना, उघडं पडतं.

म्हणून ज्यांच्या गाड्या कमी चालतात त्यांना बिल्डिंगखालची जागा द्यावी, अशी सूचना सेक्रेटरींना लेखी दिली. जागांची अदलाबदल सोपी नाही, हे ठाऊक आहे. तरी दिली.

काकूंची बॅटरी काढून चार्जरला लावली. क्षमता पस्तीस अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर म्हणजे एक अँपिअर-अवर), साडेतीन-चार अँपिअरने सावकाश. घाईने भरायची नाही.

१२ मे २०२४, रविवार

टर्मिनलची, म्हणजे बॅटरीवर केबल जोडतात त्या खुंट्यांची, साफसफाई. बऱ्याच गाड्यांना हिरवट-पांढरं मीठ चढलेलं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पुतणीने हे वाक्य खडूने खांबावरच लिहिलं.

दोन गाड्यांचा ‘सेल्फ अडकतो’ हा त्रास एवढ्यानेच गेला. क्लॅम्प सैल होता, बॅटरीचा दोष नव्हता.

काकूंची बॅटरी भरून, एक रात्र ठेवून: १२.५८. निगेटिव्ह न जोडता तशीच आठवडाभर ठेवायची. गाडीतलं काही वीज खात असेल तर ते आता तिच्यापर्यंत पोचणार नाही. तरी उतरली तर दोष आतलाच.

१९ मे २०२४, रविवार

उतरली. १२.१९. कुणीही काही न घेता आठवड्यात एवढी. आतल्या सहा सेलपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, एक गेला असणार.

काकूंना वाईट वाटलं. म्हणाल्या, “अरे, मी तर गाडी किती जपते. आठवड्यातून एकदा डेक्कनपर्यंत जाते, बाकी उभीच असते बिचारी.” त्यांना चार्जर दाखवून नीट समजावलं. सेल्फ मारायला फार वीज लागत नाही. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक दशांश अँपिअर-अवरपेक्षाही कमी. ती काही मिनिटांत भरून निघते. पण आठवडाभर उभ्या गाडीत घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांची बारीक धार चालूच असते. पन्नास मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आठवड्याला आठच्या वर. कर्वे रोडच्या सिग्नलांवर थांबत, एसी आणि पंखा चालू ठेवून डेक्कनला जाऊन आल्याने एवढं भरत नाही. इंजिन मंद चालताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, पूर्ण ताकदीने वीज देत नाही. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू भरतो, त्याला तास लागतात. अशी गाडी दर आठवड्याला थोडी-थोडी मागे पडत जाते.

त्यांच्यासाठी उपाय ठरला: नवी बॅटरी, आणि महिन्यातून एक रात्र सोसायटीचा चार्जर. तासभराची फेरी मारायची तर बायपासने कात्रजच्या दिशेने. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून काही होत नाही, उलट सगळ्यांना धूर.

९ जून २०२४, रविवार

चंदेरी सेडानचं कोडं. दोन वर्षांची बॅटरी, चालू इंजिनवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. तरी दर रविवारी पहाटे १२.२ च्या आसपास. भरून द्यावी, पुन्हा तिथेच. हा आकडा इतका ठरलेला होता की पुतणीच म्हणाली, “काका, कुणीतरी हिला मोजून तिथपर्यंत आणून सोडतंय.”

गळती मोजायची पद्धत लिहून ठेवतो. बॉनेट उघडं ठेवायचं, दारं बंद, चावी गाडीपासून लांब. निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या खाचेत जोडायचा. मग अर्धा तास थांबायचं. हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, लगेच पाहिलं तर आकडा मोठा दिसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. वीस ते पन्नास मिलिअँपिअर चालतं.

इथे ३१० निघाले. एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशकॅमची वायर ज्यावर टाकली होती तो काढताच आकडा ३० वर आला. मालकांनी गेल्या वर्षी बाहेरून कॅमेरा बसवून घेतला होता, उभ्या गाडीतही चित्रण करणारा. ३१० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साधारण साडेसात अँपिअर-अवर. पंचेचाळीसची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. कॅमेऱ्याच्या किटमध्ये १२ व्होल्टला वीज तोडण्याची सोय आहे. तोडली की बॅटरी थोडी सावरते आणि पहाटे आम्हाला १२.२ दिसतं. गाडी सुरू होत राहायची म्हणून मालकांना संशय आला नाही, पण बॅटरी वर्षभर अर्ध्यावर जगत होती.

ही बॅटरी दुकानात नेली असती तर वॉरंटीत बदलूनही मिळाली असती, आणि नवीही वर्षभरात अशीच झाली असती. कॅमेरा आता चावी चालू असतानाच चालेल असा जोडून घेतला. बॅटरी भरली: १२.५५. पूर्वीइतकी नाही, पण वापरण्यासारखी. लक्ष ठेवायचं.

२८ जुलै २०२४, रविवार

ही नोंद सोसायटीबाहेरची. गुरुवारी, २५ तारखेला, सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आणि रात्रभराचा पाऊस. तिथे राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. आज मी आणि पुतणी गेलो. आधी घरातला चिखल काढू लागलो, मग गाडीकडे वळलो.

शेजारपाजारच्यांनाही सांगितलं ते इथे लिहितो, कारण अशा वेळी सगळ्यांचा पहिला हात चावीकडे जातो. चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर सेल्फ मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ओल्या वायरिंगमध्ये वीज खेळली की कॉम्प्युटर जातो. आधी निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधायची, मग फोटो, मग विमा कंपनीला फोन, मग गाडी ओढून न्यायची. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलना घरच्या माणसाने हातच लावायचा नाही.

बॅटरी काढून आणली. वरून धुतली, वाळवली. ११.८. झाकणाच्या भोकांतून गढूळ पाणी आत गेलेलं दिसतंय. ती वाचवण्याच्या भानगडीत पडणार नाही.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

काकूंची बॅटरी जूनमध्ये नाना पेठेतून घेतली. ती नोंद राहिली होती. आता आणखी दोघांना घ्यायची आहे, म्हणून दुकानात काय पाहायचं ते एकत्र.

जुन्या बॅटरीवरचा कोड आधी टिपून घ्यायचा. ३८बी२०एल असा असतो. ३८ म्हणजे ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. तेच चुकलं तर केबल पोचत नाही. काही गाड्यांना डिन (जर्मन मानकाच्या) मापाची लागते, तिचा ट्रे वेगळा.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ मारण्यासाठी बनवलेली बॅटरीच हवी. साधी बसते, चालतेही, पण दिवसभरात एवढ्या वेळा सेल्फ मारायला ती बनवलेलीच नाही. दुकानदाराने स्वस्त पडेल म्हणून साधी सुचवली तरी नको म्हणायचं.

मग निर्मितीची तारीख. एक्साइडचा कारखाना चिंचवडला, टाटा ग्रीनचा रांजणगावला, पण बॅटरी जवळ बनली म्हणून ताजी असते असं नाही. फळीवर पडून राहिलेली बॅटरी दर महिन्याला थोडी रिकामी होते, उन्हाळ्यात जास्त. आम्ही तिथेच मीटर लावतो. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागतो. चांगले दुकानदार याला हरकत घेत नाहीत.

वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का जागेवरच घ्यायचा. पहिले काही महिने मोफत बदली आणि पुढचे महिने वापराच्या प्रमाणात सूट, असे दोन भाग असतात. एकूण आकडा मोठा दिसतो, मोफतचा भाग किती ते विचारायचं.

जुनी बॅटरी दुकानातच परत द्यायची. किंमतही वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. थोडे पैसे जास्त मिळतात म्हणून कुठल्याही भंगारवाल्याला दिली, तर तो ती फोडून ॲसिड गटारात ओततो आणि शिसं घेतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. या बाबतीत सोसायटीने कुणालाही सवलत देऊ नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पाऊस ओसरला. दसऱ्याआधी सगळ्या गाड्या धुण्यासाठी खाली येतात, म्हणून तपासणी आजच.

आज सेल्फ मारतानाचं व्होल्टेज पाहिलं. उभ्या गाडीचा आकडा बॅटरीत किती आहे ते सांगतो. मागितल्यावर ती देऊ शकते का, हे सेल्फ मारतानाच कळतं. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटरवर किमान आकडा धरायचा. मीटरला किमान-कमाल टिपण्याचं बटण हवंच, नाहीतर खालचा आकडा नजरेतून निसटतो. दहाच्या वर राहिला तर निश्चिंत. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी पूर्ण भरून पुन्हा पाहायचं, आणि तरीही खाली गेला तर बदलायची तयारी.

लाल हॅचबॅक, आता पाच वर्षांची: १०.४. मालक हसून म्हणाले, मग दिवाळीचा हा खर्च वाचला.
सेडान: १०.१.
पांढरी डिझेल: उभी असताना १२.५०, सेल्फ मारताना ९.३. रात्रभर चार्ज करून सोमवारी पुन्हा: ९.५.

डिझेल इंजिनात दाब जास्त, सेल्फला जोर जास्त लागतो, त्यामुळे तिथे थकवा आधी दिसतो. बॅटरीवरचा हिरवा डोळा, म्हणजे चार्ज दाखवणारी छोटी खिडकी, मात्र छान हिरवा आहे. तो सहापैकी एकाच सेलमध्ये असतो. बाकीच्या पाचांबद्दल तो काहीच बोलत नाही.

डिझेलवाल्यांना बदला म्हटलं. “गाडी तर एका झटक्यात सुरू होते,” म्हणाले. खरंच होते, अजून हवा उबदार आहे. थंडीच्या आत घ्या, एवढं सांगून थांबलो. पैसे त्यांचे आहेत.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

हार, झेंडू, नारळ. काम काही नाही. चार्जरलाही फूल वाहिलं.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीला गावी गेलेली मंडळी परतली. जाताना निगेटिव्ह काढून ठेवा असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्या गाड्या लगेच सुरू. काचा आपोआप वर जाण्याची सोय आणि घड्याळ पुन्हा लावावं लागलं, तेवढंच.

बी विंगमधली इलेक्ट्रिक कार मात्र उघडेना. मोठी बॅटरी साठ टक्के भरलेली, आणि गाडी मेलेली. मालक चक्रावले. इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. कुलपं, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) तिच्यावरच चालतात. ती बसली की मोठी जागी होत नाही. बाहेरून बारा व्होल्ट दिले, गाडी जागी झाली, आणि मग मोठीने छोटीला भरायला घेतलं. इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप द्यायचा नाही, बऱ्याच कंपन्या मना करतात. केबलच्या पेटीवर तसं लिहिलं.

पेट्रोल-डिझेलच्या जंपचा क्रमही तिथेच: लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या. काळी चांगलीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीच्या निगेटिव्हला नाही, कारण तिथे हायड्रोजन असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते.

१ डिसेंबर २०२४, रविवार

कडाक्याची थंडी. सकाळी सव्वासहाला डिझेलवाल्यांचा फोन. मुलीला लोहगावला विमानतळावर सोडायचं होतं. सेल्फ एकदा कण्हला, मग नुसतं टिक-टिक. अठ्ठावीस एप्रिलपासून या बॅटरीचे सगळे आकडे वहीत आहेत आणि उभ्या गाडीचा आकडा एकदाही १२.४ च्या खाली नाही. आजही १२.४१. सेल्फ मारताना ७.८.

जंप दिला. मुलगी वेळेत पोचली.

८ डिसेंबर २०२४, रविवार

डिझेलला नवी बॅटरी. सेल्फ मारताना १०.७, चालू इंजिनवर १४.३. जुनी दुकानात परत, पावती वहीला टाचली.

कमिटीत ठरलं ते असं. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक बॅटरीची तपासणी वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि दसऱ्याआधी. भरलेली असताना सेल्फचा आकडा ९.६ च्या खाली गेला, किंवा निगेटिव्ह काढून ठेवलेली बॅटरी आठवड्यात अर्ध्यावर आली, किंवा तिचा डबा फुगला, तर वय न पाहता बदलायची. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरीसोबत चार्जिंगही तपासायचं. एकटे राहणाऱ्यांच्या गाड्यांना चार्जरची पहिली पाळी. मागच्या भिंतीलगत शेड टाकण्याचं कोटेशन मागवायचं आहे, ते सेक्रेटरींनी अंगावर घेतलं.

लाल हॅचबॅक आज पहाटे १२.६०, सेल्फला १०.२. सहाव्या वर्षात आहे. मार्चमध्ये पुन्हा पाहू.